बटाटे चोरणारे फादर

अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. तिथल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये लाकडात कोरलेला एक क्रूस आहे. तो कोरला गेला उत्तर कोरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत, सरपणाच्या लाकडातून. येशूच्या डोक्यावरचा काटेरी मुकुट तारेचा आहे. कोरणारा होता जेराल्ड फिंक, अमेरिकन मरीन दलातला वैमानिक आणि धर्माने ज्यू. ज्या माणसाच्या आठवणीसाठी त्याने तो कोरला, त्याला फिंक आयुष्यात एकदाही भेटला नव्हता. फिंक छावणीत पोचला तेव्हा तो माणूस मरून गेलेला होता.

आता सांगा, स्वतः अर्धपोटी असलेल्या एका ज्यू कैद्याने, कधी न पाहिलेल्या कॅथलिक फादरसाठी, जो आपला देव नाही त्याची मूर्ती का कोरावी? आम्हाला हा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शोधताना हा लेख झाला.

त्या फादरचं नाव एमिल कपॉन. इंग्रजी स्पेलिंग पाहून तुम्ही 'कापाउन' म्हणाल. घरचे आणि गावचे मात्र 'कपॉन' म्हणत. शाळेच्या हजेरीत ज्यांचं आडनाव दर वर्षी नव्या उच्चाराने ऐकू आलं, त्या तुम्हा मंडळींना यात काही नवल वाटणार नाही.

घरी चेक, शाळेत इंग्रजी

एमिलचा जन्म २० एप्रिल १९१६ चा. गाव पिल्सन, कॅन्सस. नावावरूनच कळतं की हे गाव कुठून आलं. युरोपातल्या बोहेमिया प्रांतात प्लझेन नावाचं शहर आहे (जर्मनमध्ये पिल्सन). बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग. तिकडच्या शेतकऱ्यांनी कॅन्ससच्या गवताळ माळावर येऊन वस्ती केली आणि तिला जुन्या शहराचं नाव दिलं. लोकांनी वर्गणी आणि अंगमेहनत घालून एक भलं मोठं विटांचं चर्च बांधलं, तेही बोहेमियाच्याच संताच्या, जॉन नेपोमूकच्या नावाचं. चारी बाजूंना गव्हाची शेतं आणि मधोमध हा उंच मनोरा. मावळतीकडे एडिसनला किंवा लंडनच्या उपनगरात आपल्या लोकांनी बांधलेली देवळं तुम्ही पाहिली असतील तर ही भावना तुमच्या ओळखीची आहे.

वडील इनोस आणि आई एलिझाबेथ शेतकरी. घरात पैसा जेमतेम. एमिल शांत, हाताला कामाची सवय असलेला मुलगा. मोडलेलं अवजार दुरुस्त करायचं, हातात असेल त्यातून भागवायचं, हे तो शेतावर शिकला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोरियात त्याच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासापेक्षा या शेतावरच्या शिक्षणाने जास्त माणसं वाचवली, असं म्हणायला जागा आहे.

९ जून १९४० ला एमिल धर्मगुरू झाला आणि बिशपांनी त्याला परत पिल्सनलाच पाठवलं. कारण साधं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत पापनिवेदन करणं जमत नव्हतं आणि हा तरुण फादर चेक बोलू शकत होता. भाषेमुळे त्याला ते काम मिळालं. पण भाषेमुळेच तो अडकलाही. ज्यांनी आपल्याला अनवाणी खेळताना पाहिलंय, ते आपल्यापाशी मन मोकळं करतील का, अशी शंका त्याला वाटत असे. घरच्या माणसांमध्ये मोठं होणं अवघड असतं, ते पिल्सनलाही खरं होतं.

चॅप्लिन म्हणजे नक्की कोण?

पुढे जाण्याआधी हा शब्द समजून घेऊ. चॅप्लिन म्हणजे सैन्याबरोबर राहणारा धर्मगुरू. तो गणवेश घालतो, त्याला हुद्दा असतो, पगार सैन्याचाच असतो, पण तो शस्त्र चालवत नाही. भारतीय सैन्यातही पलटणीच्या धर्माप्रमाणे पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री नेमलेले असतात. अमेरिकन सैन्यात फरक असा की कॅथलिक चॅप्लिनला फक्त कॅथलिक जवानांपुरतं पाहून चालत नाही. तुकडीत प्रोटेस्टंट असतील, ज्यू असतील, काहीच न मानणारेही असतील. सगळ्यांची काळजी त्याच्या गळ्यात.

हे पद मुळातच अवघड जागेवर उभं आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे शत्रूच्या हाती सापडलेला चॅप्लिन युद्धकैदी मानला जात नाही. त्याला फक्त कैद्यांची धार्मिक सेवा करण्यासाठी ठेवून घेता येतं. म्हणजे कागदावर तो युद्धाच्या बाहेर आहे. पण दुसरीकडून पाहा. मारायला निघालेल्या माणसांना धीर देणं हे त्याचं रोजचं काम. मग तो युद्धाच्या बाहेर कसा? चॅप्लिनबद्दलच्या कुठल्याही गोष्टीत हा प्रश्न दाराशी उभा असतो. कपॉन यांच्या गोष्टीतही तो आहे, आणि तो मिटवून टाकायचा आमचा विचार नाही.

कपॉन १९४४ मध्ये सैन्यात दाखल झाले. पहिली परदेशातली नेमणूक कुठे झाली असेल? आपल्याकडेच. एप्रिल १९४५ पासून वर्षभर ते भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होते. जिकडे अमेरिकन तुकड्या आसामातून ब्रह्मदेशात आणि पुढे चीनकडे जाणारा रस्ता राखत होत्या, त्या जंगलाच्या भागात विखुरलेल्या छावण्यांमध्ये ते मिस्सा अर्पण करत फिरत. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते घरी गेले, वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची एम. ए. पदवी घेतली, पुन्हा एका धर्मग्रामात काम केलं. धर्मग्राम म्हणजे 'पॅरिश'. शब्द नवा वाटत असेल तर वसईच्या कुणा मित्राला विचारा. तिथल्या कॅथलिकांच्या मराठीत मिस्सा, धर्मग्राम, महागुरुस्वामी हे सगळे शब्द रोजच्या वापरातले आहेत.

पण गावात त्यांचं मन रमेना. १९४८ मध्ये ते परत सैन्यात गेले. १९५० च्या सुरुवातीला जपानमध्ये नेमणूक झाली आणि त्याच वर्षी २५ जूनला कोरियाचं युद्ध पेटलं.

उनसानची रात्र

जुलै १९५० मध्ये कपॉन फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजनबरोबर कोरियाच्या किनाऱ्यावर उतरले. सुरुवातीचे आठवडे अमेरिकन सैन्याच्या माघारीचे होते. त्यांची जीप गेली, तेव्हा ते सायकलवरून तुकड्या गाठू लागले. एकदा गोळीने त्यांच्या तोंडातला पाईप उडवला. ऑगस्टच्या आरंभी गोळीबारातून एका जखमीला उचलून आणल्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार मिळाला. ऑक्टोबरमधलं एक छायाचित्र पुढे जगभर गेलं. त्यात जीपच्या बॉनेटवर पांढरं कापड अंथरलंय, त्यावर क्रूस आणि ग्रंथ, आणि मिस्सेचा पोशाख घातलेले कपॉन हात पसरून उभे आहेत. शेजारी एक जवान गुडघ्यावर बसलाय.

तोवर वारं फिरलं होतं. अमेरिकन आणि दक्षिण कोरियाचं सैन्य उत्तरेत खूप आत गेलं होतं आणि जवानांमध्ये नाताळपर्यंत घरी जाण्याची भाषा होती. चीन युद्धात उतरलाय, हे वरच्या मंडळींनी मनावर घेतलं नाही. १ नोव्हेंबर १९५० च्या रात्री उनसान गावाजवळ चिनी सैन्याने आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटला घेरलं. कपॉन ज्या बटालियनबरोबर होते, तिची तर वाताहतच झाली.

बाहेर पडायची संधी होती. ज्यांना चालता येतं त्यांनी निघावं, असा हुकूम होता. जखमींना नेणं शक्य नव्हतं. कपॉन जखमींबरोबर थांबले. डॉक्टर कॅप्टन क्लॅरेन्स अँडरसन हेही थांबले.

दुसऱ्या दिवशी जे घडलं ते कपॉन यांच्या शौर्यपदकाच्या सन्मानपत्रात नोंदलेलं आहे. जखमींमध्ये एक चिनी अधिकारीही होता. कपॉन यांनी त्याला राजी केलं की त्याने आपल्या लोकांशी बोलावं आणि या जखमींना न मारता शरण येऊ द्यावं. त्याने ते केलं. एका जखमी शत्रूच्या शब्दाने त्या दिवशी अनेक अमेरिकन जिवंत राहिले. त्या अधिकाऱ्याकडे आपण नंतर परत येऊ.

थोड्या वेळाने कपॉन यांना दिसलं की एक चिनी सैनिक खड्ड्यात पडलेल्या एका अमेरिकन सार्जंटवर बंदूक रोखून उभा आहे. त्या सार्जंटचं नाव हर्बर्ट मिलर. घोट्याला जखम झाल्याने त्याला उठता येत नव्हतं. कपॉन सरळ चालत गेले, बंदूक धरलेल्या सैनिकाला हाताने बाजूला सारलं, मिलरला उचललं आणि चालू लागले. सैनिकाने गोळी झाडली नाही. का झाडली नाही, हे मिलरला अखेरपर्यंत कोडंच होतं.

पाच नंबरचा कॅम्प

कैद्यांना उत्तरेकडे चालवत नेलं. कपॉन कधी मिलरला पाठीवर घेत, कधी आधार देत चालवत. बाकीच्यांनी जखमींचं स्ट्रेचर खाली ठेवलं की ते पुढे होऊन ते उचलत. शेवटी मुक्काम पडला यालू नदीकाठच्या प्योक्तोंग गावातल्या छावणीत. तिला कॅम्प नंबर पाच म्हणत. नदीपलीकडे चीन.

त्या हिवाळ्यातली थंडी शून्याच्या कितीतरी खाली. अंगावर उन्हाळी कपडे. खायला मूठभर बाजरीसारखं धान्य नाहीतर भरडलेला मका. हगवण, न्यूमोनिया, उवा. काही तरुण जवान तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि दोन दिवसांत मरत. कैद्यांनी या आजाराला नावच दिलं होतं, 'हार मानण्याचा रोग'. कोरियाच्या युद्धात सात हजारांहून अधिक अमेरिकन कैदी झाले. त्यांतले सुमारे ३८ टक्के कैदेतच मेले, आणि बहुतेक सगळे या पहिल्या हिवाळ्यात.

इथे शेतावरचा एमिल कामाला आला. त्याने पत्र्याचे तुकडे गोळा केले, दगडाने ठोकून त्यांची भांडी बनवली आणि त्यांत बर्फ वितळवून पाणी उकळलं. ही गोष्ट ऐकायला लहान वाटते. पण हगवणीने माणसं मरत असताना उकळलेलं पाणी हेच औषध होतं. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांचे घाण झालेले कपडे तो धूत असे. जखमा साफ करत असे, उवा वेचत असे. हे सगळं करताना धर्म विचारत नसे.

आणि चोरी करत असे. रात्री पहाऱ्याला चकवून आसपासच्या शेतांत आणि कोठारांत शिरायचं, मका, बटाटे, मीठ, जे हाती लागेल ते आणायचं. बायबलमध्ये येशूबरोबर क्रुसावर चढवलेल्या दोन चोरांपैकी एकाला पश्चात्ताप होतो. परंपरेने त्याचं नाव डिस्मास. कपॉन निघण्यापूर्वी या चोराची प्रार्थना करत, असं बरोबरचे कैदी पुढे सांगत. गंमत म्हणून नव्हे. चोरी हे पाप आहे असं शिकवलेल्या माणसाला चोरी करायची वेळ आली, तर त्याने धावा कुणाचा करायचा? आपल्याकडे लोण्याच्या चोराला देव मानलंय, म्हणून आपल्याला हे कदाचित लवकर कळतं. पण बाळकृष्णाची चोरी लीला होती. इथे पकडलं गेलं तर मार, नाहीतर मरण.

काही कैदी मिळालेलं अन्न लपवून ठेवत. कपॉन आणलेलं सगळं मधोमध ठेवत आणि वाटून घेत. कुणाला उपदेश केला नाही. हळूहळू लपवणारेही आपलं काढून ठेवू लागले.

छावणीत रोज राजकीय शिकवणीचे वर्ग असत. भांडवलशाही कशी वाईट, धर्म कसा खोटा, यावर तासन् तास व्याख्यानं. कपॉन आवाज न चढवता उत्तरं देत. प्रार्थनेला बंदी होती, तरी रात्री ते झोपड्या-झोपड्यांतून जात आणि दोन ओळींची प्रार्थना करून निघत.

२५ मार्च १९५१ ला ईस्टर होता. सूर्योदयाला कपॉन यांनी गळ्यात जांभळा उपरणा घेतला आणि कैद्यांना घेऊन एका पडक्या चर्चच्या अवशेषांपाशी गेले. भाकर नाही, द्राक्षरस नाही, त्यामुळे मिस्सा करता येत नव्हती. लपवून जपलेल्या प्रार्थनापुस्तकातून त्यांनी वाचलं, काटक्यांचा केलेला क्रूस वर धरला. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, नास्तिक सगळे एकत्र गायले. पहारेकरी पाहत राहिले.

त्यानंतर काहीच दिवसांत त्यांचा पाय सुजला. रक्ताची गाठ झाली होती. अँडरसन आणि इतर कैदी डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं. पाय जरा बरा झाला, तर हगवण आणि न्यूमोनिया. मे महिन्यात पहारेकरी त्यांना छावणीच्या 'इस्पितळा'त न्यायला आले. तिथून कुणी परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मित्रांनी अडवायचा प्रयत्न केला. कपॉन यांनीच त्यांना शांत केलं. २३ मे १९५१ ला ते वारले. वय ३५.

हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं?

इथवर वाचून तुमच्या मनात एक शंका यायला हवी. छावणीतलं कपॉन यांनी स्वतः लिहिलेलं काहीच आपल्याकडे नाही. डायरी नाही, पत्र नाही. मग मी वर इतक्या ठामपणे सांगितलं ते कशाच्या जोरावर?

साक्षीच्या जोरावर. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला आणि कैदी सुटले. बाहेर आल्यावर त्यांतले कितीतरी जण न विचारता या फादरबद्दल बोलू लागले. फिंकचा तो क्रूसही कैद्यांनी बरोबर आणला. मुलगा गेल्याचं पिल्सनला आईवडिलांना कळलं तेही त्याच उन्हाळ्यात. लेफ्टनंट माइक डाऊ या सहकैद्याची आठवण जानेवारी १९५४ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या तेव्हाच्या अतिशय खपाच्या साप्ताहिकात आली आणि कपॉन हे नाव देशभर झालं.

पण तो काळ कसला होता, तेही पाहायला हवं. युद्धविरामानंतर आपापल्या देशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांचं काय करायचं, हा मोठा पेच होता. तो सोडवायला नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या. आणि त्या कैद्यांना प्रत्यक्ष ताब्यात ठेवणाऱ्या भारतीय सेनेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. हे बावीस हजारांहून अधिक कैदी बहुतांश चिनी आणि उत्तर कोरियन होते. कैद्यांच्या एका गटाने भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि गोळी न चालवता प्रकरण निभावलं. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. या युद्धात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही. पाठवले ते डॉक्टर, म्हणजे ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स, आणि मग ही कैदी राखणारी सेना. तुमच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा 'कोरियाला होतो' म्हणत असतील, तर ते बहुधा या दोहोंपैकी एकात.

घरी जायला नकार देणाऱ्यांत २१ अमेरिकनही होते. ते चीनमध्ये राहिले. अमेरिकेत खळबळ उडाली. आपल्या मुलांचा 'ब्रेनवॉश' झाला, छावणीत आपली पोरं कच्ची पडली, अशी चर्चा सुरू झाली. सुटून आलेल्या प्रत्येक कैद्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. अशा वेळी छावणीत न वाकलेल्या एका फादरची गोष्ट अमेरिकेला हवीच होती. आलेल्या कैद्यांनाही ती हवी होती, कारण तिच्यामुळे त्यांचीही मान वर राहत होती.

मग ही गोष्ट फुगवलेली आहे का? आम्ही या प्रश्नावर बराच काथ्याकूट केला. आमचं मत असं झालं. काही तपशील वर्षागणिक गोल आणि गुळगुळीत झाले असणार. पण गाभा टिकतो, आणि त्याची दोन कारणं. एक, साक्ष देणारे एका गोटातले नाहीत. प्रोटेस्टंट अधिकारी, ज्यू डॉक्टर, साधे जवान, ज्यांना कॅथलिक चर्चचा संत घडवण्यात काही रस नव्हता, तेही तेच सांगतात. दोन, ते चमत्कार सांगत नाहीत. ते सांगतात भांडी, पाणी, उवा, हगवणीचे कपडे. एखाद्याला मोठं करायचं म्हणून रचलेल्या गोष्टीत सहसा इतकी घाण नसते.

फिंकचं उत्तरही इथेच मिळतं. तो कपॉन यांना भेटला नव्हता, पण त्यांच्यामुळे जिवंत राहिलेल्या माणसांमध्ये तो राहिला. त्यांचं बोलणं आणि वागणं त्याने पाहिलं, आणि त्यावरून त्याने तो क्रूस कोरला.

ज्यांची साक्ष नाही

आता त्या चिनी अधिकाऱ्याकडे परत येऊ. उनसानला त्याने शब्द टाकला नसता, तर पुढची कुठलीच गोष्ट घडली नसती. त्याचं नाव सन्मानपत्रात नाही. तो जगला का, आपल्या वरिष्ठांना त्याने काय सांगितलं, म्हातारपणी नातवंडांना हे कधी बोलला का, याची साक्ष आपल्यापर्यंत आलेली नाही. बंदूक न चालवलेल्या त्या सैनिकाचंही तेच.

आणि ते बटाटे. ते कुणाचे होते? काही छावणीच्या कोठारातले, पण काही आसपासच्या कोरियन शेतकऱ्यांचे. त्या हिवाळ्यात उत्तर कोरियाची गावंच्या गावं अमेरिकन बॉम्बफेकीत जळत होती. ज्या घरातून मक्याची कणसं गेली, त्या घरात किती खाणारी तोंडं होती? कपॉन यांनी चोराची प्रार्थना केली याचा अर्थ निदान इतका तरी आहे की घेतलेलं दुसऱ्याचं आहे, हे ते विसरले नव्हते. आपणही विसरू नये. त्यांचं मोठेपण मान्य करायला त्या शेतकऱ्याला पुसून टाकायची गरज नाही.

परतीचा प्रवास

कपॉन यांचं पार्थिव नदीकाठच्या सामूहिक दफनात कुठेतरी आहे, असंच सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात १९५४ मध्ये दोन्ही बाजूंनी मृतदेहांची अदलाबदल झाली, त्यात ते परत आले होते. पण ओळख पटली नाही. ओळख न पटलेल्या आठशेहून अधिक जणांबरोबर त्यांना होनोलुलूच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत पुरलं गेलं. दगडावर फक्त 'अनोळखी'.

आई गेली, वडील गेले, २०१० मध्ये धाकटा भाऊ यूजीनही गेला. ११ एप्रिल २०१३ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक पुतण्याच्या हाती दिलं. समारंभाला हर्बर्ट मिलर हजर होता. खड्ड्यातून उचललेला तो सार्जंट आता म्हातारा झाला होता. तेव्हाही होनोलुलूच्या त्या दगडाखाली कोण आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.

मग कोरियातल्या अनोळखी मृतांची कबर एकेक करून उघडून तपासण्याचं काम सुरू झालं. दातांच्या जुन्या नोंदी आणि कुटुंबीयांचा डीएनए जुळला आणि मार्च २०२१ मध्ये नाव निघालं. त्याच सप्टेंबरात त्यांना विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आलं. मृत्यूला ७० वर्षं झाली होती.

चर्चच्या दृष्टीने ते १९९३ पासून 'ईश्वरसेवक' होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पुढची, 'वंदनीय' ही पायरी दिली. संतपद अजून दूर आहे. कपॉन यांना कुणी श्रद्धेसाठी ठार मारलं असं सिद्ध होत नाही, म्हणून त्यांना हुतात्मा म्हणता येत नाही. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एक नवा मार्ग उघडला. दुसऱ्यांसाठी ज्याने जाणूनबुजून मरण जवळ केलं, त्याचाही विचार होऊ शकतो. कपॉन यांचं प्रकरण त्या मार्गाने पुढे गेलं.

ते संत होवोत न होवोत, तुमचा-आमचा त्याच्याशी संबंध नसेलही. पण चॅप्लिन युद्धाच्या आत की बाहेर, या प्रश्नाचं एक उत्तर त्यांनी उनसानला दिलं असं आम्हाला वाटतं. ज्या सैन्याबरोबर ते आले होते ते सैन्य निघून गेलं आणि ते मागे राहिले. ते उत्तर सगळ्या चॅप्लिनांना लागू पडत नाही, आणि युद्धाला तर ते मुळीच क्लीन चिट देत नाही.

एक काम मात्र तुम्हाला सांगतो. कॅम्प पाचमधल्या माणसांना परत आल्यावर कुणीतरी विचारलं, 'तिथे काय झालं?' म्हणून ही गोष्ट उरली. तुमच्या घरात कोरियाला, काँगोला, गाझाला शांतिसेनेत गेलेलं कुणी असेल, किंवा आखातात नाहीतर जहाजावर वर्षं काढलेलं कुणी असेल, तर या रविवारी फोन करा आणि विचारा. सुरुवात मोठ्या प्रश्नाने करू नका. जेवायला काय मिळायचं, एवढंच विचारा. बाकीचं त्यांच्या तोंडून आपोआप येईल.